राधानगरी ते तिलारी: पाण्याच्या उंचीमागे चार दिवस

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचं कुठलंही वीजघर चालतं, त्यात विशेष काही नाही. फेब्रुवारीत मात्र ऊस पाण्याची वाट बघत उभा असतो, धरणातलं पाणी मोजून सुटतं आणि ओढे निम्म्यावर आलेले असतात. एखादं यंत्र का फिरतंय आणि शेजारचं का थांबलंय, हे या दिवसांत नीट उलगडतं.

वाट अशी ठरवली: कोल्हापूर, राधानगरी, काळम्मावाडी, चंदगड, तिलारी, मग घाट उतरून कोकणातून वर आणि करूळ घाटानं गगनबावडा. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारायचे. पाणी किती उंचीवरून पडतं? आणि ते सोडायचं कोण ठरवतं? मेगावॉटचा आकडा पाटीवर लिहिलेला असतोच, पण या दोन उत्तरांशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

ज्यांना ही फेरी करायची आहे त्यांच्यासाठी एक सूचना. धरण आणि वीजघर यांची परवानगी वेगवेगळी काढावी लागते, ओळखपत्रांच्या प्रती आधी द्याव्या लागतात आणि आत फोटोला मनाई असते. निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा.

पहिला दिवस: कोल्हापूर ते राधानगरी

सकाळी साडेसहाला रंकाळा मागे टाकला. पुईखडी, हळदी, परिते करत पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, पण गाळप हंगाम चालू असल्यानं उसाच्या ट्रॉल्यांमागं दोन तास गेले. भोगावती सोबतीला होतीच. नदीवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, बरगे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातलेले, मागे पाणी तुंबलेलं. वरच्या धरणातून सुटलेलं पाणी या पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतं आणि काठावरच्या मोटरा ते उचलतात. हे चित्र डोक्यात ठेवूनच वीजघर बघायला हवं, कारण राधानगरीची वीज या मोटरांच्या गरजेवर बेतलेली आहे.

धरणाची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. महाराजांच्या हयातीत बांध चाळीस फुटांच्या आसपास येऊन थांबला. १९२२ साली महाराज गेले आणि काम पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. आज धरणात ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. पाणी उतरलं की जलाशयात बेनझीर व्हिला या शाहूकालीन बंगल्याचे अवशेष दिसतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी बरंच होतं, त्यामुळे ते दिसले नाहीत.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात रोज बातम्यांत असतात. दरवाज्याला मागून तोलाचं वजन आहे. पातळी पूर्ण भरतीला, म्हणजे ३४७.५० फुटांना पोहोचली की पाण्याच्या दाबानं तोल बदलतो आणि दार आपोआप उघडतं. पाणी उतरलं की मिटतं. मोटर नाही, बटण नाही, रात्री अडीच वाजता पावसात धावत जाणारा माणूस नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, जातात. वीजघरातून पंधराशे. सातही दारं उघडली की नदीत साडेअकरा हजार. पण या साडेअकरा हजारांतल्या पंधराशेचीच वीज होते, उरलेलं पाणी तसंच जातं. ‘एवढं पाणी वाया जातंय, वीज का करत नाहीत?’ असं दर जुलैत कोणीतरी विचारतं. वर्षातल्या वीस-तीस दिवसांच्या पाण्यासाठी सातपट मोठं यंत्र बसवलं, तर उरलेले अकरा महिने ते गंजत पडेल.

आता पंधराशे क्युसेकचं गणित. ३५.३ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे पंधराशे क्युसेक झाले ४२.५ घनमीटर. शक्ती काढायची तर ९.८१ गुणिले सेकंदाचे घनमीटर गुणिले मीटरमधली उंची गुणिले कार्यक्षमता, उत्तर किलोवॉटमध्ये. उंची ३० मीटर आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर साधारण साडेदहा मेगावॉट येतात. मार्चअखेर पातळी दहा मीटर उतरली की तेवढ्याच पाण्यातून सात मेगावॉट. उंचीलाच इंजिनिअर लोक ‘हेड’ म्हणतात, आणि धरणाच्या पायथ्याच्या वीजघराचं हेड साठ्याबरोबर रोज थोडं थोडं घटत असतं. जुन्या वीजघराची क्षमता ४.८ मेगावॉटच होती, पण त्या काळी तेवढ्यात खूप काही चालायचं.

यंत्र सुरू करण्याचा क्रम थोड्याफार फरकानं सगळीकडे सारखाच, म्हणून तो इथंच सांगतो. आधी पेनस्टॉक, म्हणजे धरणातून टर्बाइनकडे येणारा मोठा पाइप, भरून घ्यायचा. मुख्य झडप एकदम उघडत नाहीत. बाजूच्या लहान बायपासमधून पाणी सोडून झडपेच्या दोन्ही अंगांचा दाब सारखा करतात, वरच्या एअर व्हॉल्व्हमधून हवा जाऊ देतात, मगच झडप फिरते. दाब सारखा नसताना फिरवली तर झडपेच्या सीलचं रबर निघून येतं, आणि ते बदलायला पूर्ण पेनस्टॉक रिकामा करावा लागतो. नंतर थंड पाणी, बेअरिंगचं तेल, आणि वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या तेलाचा दाब तपासायचा. यंत्र बरेच दिवस उभं असेल तर रोटरचं सगळं वजन थ्रस्ट बेअरिंगच्या पॅडांवर बसून मधलं तेल पिळून निघालेलं असतं. अशा वेळी जॅकनं रोटर किंचित उचलून खाली तेलाचा पदर तयार होऊ द्यायचा. ही पायरी घाईत गाळली की पॅडचा पांढरा धातू पहिल्या मिनिटातच पुसला जातो.

मग ब्रेक सोडून गाइड व्हेन, म्हणजे रनरभोवतीची (टर्बाइनच्या चाकाभोवतीची) पाण्याची दारं, दहा-पंधरा टक्के उघडायची. चाक फिरू लागतं. वेग नव्वद टक्क्यांच्या पुढं गेला की एक्सायटेशन, म्हणजे रोटरला चुंबक करणारा प्रवाह, द्यायचं आणि व्होल्टेज चढू द्यायचं. यानंतरचा क्षण हातानं करणाऱ्या जुन्या ऑपरेटरांकडून बघण्यासारखा असतो. यंत्राचा आणि ग्रिडचा ताल जुळला का हे दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेनं, अगदी सावकाश फिरायला हवा. बाराच्या किंचित आधी ब्रेकर टाकायचा, कारण ब्रेकरची यंत्रणा स्वतः काही मिलिसेकंद खाते. काटा भरभर फिरत असताना किंवा सहाच्या बाजूला असताना ब्रेकर पडला तर ग्रिड त्या जनित्राला एका झटक्यात आपल्या रांगेत ओढतं. त्या झटक्यात कपलिंगचे बोल्ट कातरले जातात, वाइंडिंगची टोकं सरकतात. आता हे काम ऑटो सिंक्रोनायझर करतो, पण काटा अजून पॅनेलवर आहे आणि असायलाच हवा.

चालू यंत्राचं खरं संकट म्हणजे बाहेरची लाइन अचानक ट्रिप होणं. भार एका क्षणात शून्यावर येतो, पाणी मात्र येतच असतं, त्यामुळे चाक पळायला लागतं. गाइड व्हेन मिटायलाच हव्यात. पण झटकन मिटल्या तर पाइपमधलं धावतं पाणी थांबून दाबाची लाट उठते आणि पेनस्टॉक फुटू शकतो. सावकाश मिटल्या तर वेग हाताबाहेर जातो. मिटायला किती सेकंद घ्यायचे, हा आकडा म्हणजे या दोन भीतींमधली तडजोड. बसवताना एकदा ठरतो, आणि गव्हर्नरची दुरुस्ती झाली की प्रत्येक वेळी घड्याळ लावून पुन्हा तपासावा लागतो.

लहान बिघाडांत सर्वांत जास्त पान-कचऱ्याचे. पहिल्या पावसात डोंगरातला पालापाचोळा, बांबू, ओंडके पाइपच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर येऊन बसतात. जाळीच्या आतली आणि बाहेरची पातळी यांत फरक पडला की तेवढं हेड फुकट गेलं, आणि फरक फार वाढला तर जाळीच वाकते. एखादा लाकडाचा तुकडा आत गेलाच, तर गाइड व्हेनमध्ये अडकतो. त्यासाठी प्रत्येक व्हेनच्या जोडणीत एक शिअर पिन असते, बोटाएवढी, मधे खाच पाडलेली. अडकलेल्या व्हेनची तेवढी पिन तुटते आणि बाकीच्या व्हेन मिटू शकतात. पिन तुटली म्हणून कोणी तिथं जाड बोल्ट ठोकला तर पुढच्या वेळी पूर्ण लिंकेज वाकतं. हे केलेलं दिसतं, म्हणून लिहिलं.

डिसेंबर २०२१ मध्ये या धरणाचं सेवाद्वार दुरुस्तीच्या वेळी उघडं पडलं आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीला पूर आला. दाराला हात लावण्याआधी वरच्या अंगाला दुसरा अडथळा असायला हवा, स्टॉपलॉग म्हणा की इमर्जन्सी गेट, आणि तो खरोखर बसतो का हे आधी पाण्याखाली बघून घ्यायला हवं. वर्षानुवर्षं न वापरलेल्या खोबणीत गाळ आणि गंज बसलेला असतो.

संध्याकाळी नदीकाठी एका शेतकऱ्याला विचारलं, पाणी कधी सुटतं? ‘आवर्तन सुटलं की. पर लाईट रातची असली म्हंजी रातभर बसाय लागतंय.’ वीज नदीच्या वरच्या टोकाला तयार होते, तीच वीज खालच्या टोकाला तेच पाणी उचलते, आणि दोन्हींची वेळ दोन वेगळ्या कचेऱ्यांत ठरते.

दुसरा दिवस: काळम्मावाडी, आणि लांबचा रस्ता

दूधगंगेवरचं काळम्मावाडी राधानगरीच्या तिप्पट, २५.४ टीएमसीचं. पायथ्याला २४ मेगावॉटचं वीजघर. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा हा संयुक्त प्रकल्प, त्यामुळे पाणी कोणाच्या सांगण्यावरून सुटतं या प्रश्नाला इथं आणखी एक धनी आहे. २०२३ पासून कोल्हापूर शहराची थेट पाइपलाइनही इथूनच पाणी उचलते. पिणं, शेती, दुसरं राज्य, आणि मग वीज, असा हा क्रम. पायथ्याचं वीजघर हे मुळात दुसऱ्याच्या पाण्यावर चालणारं घर असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पाणी सोडायचंच आहे तर ते चाक फिरवून जाऊ दे, इतकंच.

इथं वीजघरापेक्षा धरणाच्या अंगाकडे जास्त वेळ दिला. या धरणाची गळती आणि तिची दुरुस्ती जिल्ह्याच्या बातम्यांत असते, आणि गळती शब्द ऐकला की लोक घाबरतात. प्रत्येक धरण थोडं झिरपतंच. दगडी धरणात त्यासाठीच आत गॅलरी ठेवतात आणि पायात उभी छिद्रं मारतात, म्हणजे पायाखाली साचलेला दाब बाहेर पडतो. तो पडला नाही तर खालचं पाणी धरणाला वर उचलू पाहतं. ती छिद्रं चुन्यानं बुजतात, आणि ती वेळोवेळी मोकळी करणं हे न दिसणारं पण सर्वांत महत्त्वाचं काम. मातीच्या भागात मधे चिकणमातीचा गाभा, त्याच्यामागे वाळूचा फिल्टर आणि पायथ्याला निचऱ्याचा चर असतो. फिल्टरचं काम पाणी जाऊ देणं आणि माती अडवणं.

झिरपा मोजायला चरात एक पत्रा उभा करतात, मधे व्ही आकाराची खाच कापलेली. ९० अंशांच्या खाचेवरून पाणी १० सेंटिमीटर उंचीनं वाहत असेल तर ते सेकंदाला साधारण ४.४ लिटर. २० सेंटिमीटर असेल तर दुप्पट नाही, जवळजवळ २५ लिटर, कारण उंचीच्या अडीचाव्या घातानं प्रवाह वाढतो. म्हणून पट्टी वाचताना एका सेंटिमीटरची चूकही मोठी. पण आकड्याच्याही आधी बघायचं ते पाण्याच्या रंगाकडे. धरणाच्या पातळीबरोबर वाढणारा आणि कमी होणारा स्वच्छ झिरपा चालतो. पातळी तीच असून झिरपा वाढला, किंवा पाणी गढूळ आलं, तर आतली माती वाहून निघते आहे, आणि मग त्याच रात्री वरिष्ठांना उठवायचं असतं. सह्याद्रीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. माथ्यावरचा जांभा सच्छिद्र असतो, आणि जांभा नि काळा कातळ यांच्या मधल्या थरातून पाणी वाट काढतं. पाया घेताना जांभा पूर्ण काढून कातळावर टेकल्याशिवाय भागत नाही. तिथं खर्च वाचवला तर पुढं ग्राउटिंगवर, म्हणजे भेगांत सिमेंट भरण्यावर, त्याच्या कितीतरी पट जातो.

पायथ्याचं वीजघर धरण झाल्यावर सुचून भागत नाही. पेनस्टॉकचा तुकडा धरणाच्या बांधकामातच पुरून ठेवावा लागतो, नाहीतर नंतर भिंत फोडावी लागते. वीजघराचं काँक्रीट दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात पाया आणि भिंती, यंत्राची जागा मोकळी ठेवून. मग चाकाखालून पाणी बाहेर नेणारी ड्राफ्ट ट्यूब आणि गोगलगाईच्या शंखासारखं स्पायरल केसिंग बसवून त्याच्याभोवती दुसरा टप्पा. केसिंगच्या आत पाण्याचा दाब ठेवून बाहेर काँक्रीट ओततात, म्हणजे पुढं चालू दाबात केसिंग फुगून काँक्रीट तडकत नाही. ओतायचंही थर घालून, चारी बाजूंनी सारखं; एका बाजूला जास्त झालं की केसिंग तरंगतं आणि मध्य सरकतो. शेवटी शाफ्टचा ओळंबा चार तारा सोडून बघतात, आणि चूक मोजतात ती मीटरला शंभराव्या मिलिमीटरच्या हिशेबात. इथं केलेली हयगय पुढं तीस वर्षं बेअरिंगच्या तापमानात दिसत राहते.

दुपारनंतर मुदाळतिट्टा, गारगोटी, आजरा करत चंदगड. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. रस्ता लांबच आहे, मुक्कामाला पोहोचेपर्यंत अंधार पडला.

तिसरा दिवस: तिलारी

चंदगडच्या पश्चिमेला हवा बदलते. काजू, नाचणीची मोकळी वावरं, जांभ्याचे सडे आणि मग अचानक कडा. तिलारीचं धरण माथ्यावर, आणि वीजघर घाटाखाली दोडामार्गाच्या बाजूला कोनाळात. मधे सहाशे मीटरच्या घरातली उंची. एकच यंत्र, ६० मेगावॉटचं, १९८६ पासूनचं.

पहिल्या दिवसाचं गणित इथं पुन्हा मांडा. ६०० मीटर हेडवर ६० मेगावॉटला पाणी लागतं सेकंदाला साडेअकरा-बारा घनमीटर, म्हणजे चारशे-सव्वाचारशे क्युसेक. राधानगरीच्या पाण्याच्या चौथाईहून थोडं जास्त, आणि वीज जवळजवळ सहापट. धरणाच्या कड्यावर उभं राहून खाली कोकण बघितलं की हे सूत्र वेगळं पाठ करावं लागत नाही.

इथं वीज हे दुय्यम काम नाही. वरचा साठा मुळात विजेसाठी आहे, त्यामुळे पाणी कधी सोडायचं हे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या गरजेवर ठरतं, उसावर नाही. दिवसा सौरऊर्जा भरपूर असते. सूर्य कलला की ती उतरते आणि त्याच सुमाराला घराघरांतले दिवे, मोटरा, पंखे चालू होतात. कोळशाच्या संचाला भार चढवायला तास लागतात; पाण्याचं यंत्र काही मिनिटांत उभं राहतं. म्हणून माथ्यावरचं पाणी दुपारी राखून ठेवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. खाली उतरलेलं पाणी तिलारीच्या सिंचन धरणाकडे जातं, आणि तो प्रकल्प महाराष्ट्र नि गोव्याचा मिळून आहे. म्हणजे आधी वीज आणि मग शेती, काळम्मावाडीच्या बरोब्बर उलट.

कोयनेशी लोक याची तुलना करतात, पण एक फरक मोठा आहे. कोयनेचं पाणी पूर्ववाहिनी, कृष्णेचं. घाटाखालच्या पोफळीच्या वीजघराला उतरवलं की ते कृष्णेला परत मिळत नाही, म्हणून त्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. तिलारी नदी मुळातच पश्चिमेला वाहते. तिचं पाणी तिच्याच वाटेनं जातं, फक्त वाटेत काम करून.

तिलारी घाट सावकाश उतरावा. उतार तीव्र आहे आणि वळणं आखूड. ब्रेकचा वास यायला लागला की थांबायचं. पाण्यालाही खाली उतरताना हीच अडचण असते, एवढा वेग आणि दाब धरायचा कसा. ६०० मीटर हेडला पाइपच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोचा दाब. गाइड व्हेनमधून पाणी घेणारं, पाण्यात बुडालेलं फ्रान्सिस चाक एवढ्या उंचीला सहसा वापरत नाहीत, फवाऱ्यावर फिरणारं पेल्टन लागतं. नोझलमधून पाणी मोकळ्या हवेत सुटतं ते सेकंदाला १०८ मीटरनं, ताशी ३९० किलोमीटर. चाकाच्या कडेनं दोन वाट्या शेजारी जोडाव्यात तशी बकेटं असतात. मधल्या धारेवर फवारा दुभंगतो, दोन्ही वाट्यांतून वळतो आणि जवळजवळ उलटा फिरून बाहेर पडतो. बकेटचा वेग फवाऱ्याच्या निम्म्याहून किंचित कमी ठेवला की पाणी आपली सगळी ताकद देऊन खाली नुसतं पडतं. चांगलं चालणाऱ्या पेल्टनखालचं पाणी दमलेलं दिसतं. ते उसळत बाहेर येत असेल तर कुठंतरी ताकद वाया जाते आहे.

भार सुटण्याचं संकट पेल्टनवर वेगळ्या तऱ्हेनं सोडवतात. नोझलची सुई झटकन पुढं सरकवून पाणी बंद करता येत नाही. एवढ्या उंच स्तंभात ती दाबाची लाट भयानक होईल. म्हणून नोझलपुढं एक डिफ्लेक्टर असतो. लाइन ट्रिप झाली की तो दीड-दोन सेकंदांत फवारा बाजूला वळवतो. चाक उपाशी राहतं, पाणी मात्र वाहतच राहतं, आणि मागून सुई निवांत, वीस-तीस सेकंद घेऊन मिटते. लांब बोगदा असलेल्या मांडणीत वर सर्ज शाफ्ट ठेवतात, उघड्या तोंडाची उभी विहीर. थांबलेलं पाणी त्यात चढतं, उतरतं आणि लाट बोगद्यात शिरत नाही. हे हेलकावे निवण्याआधी यंत्र पुन्हा जोरात चालू केलं तर विहिरीतली पातळी इतकी खाली जाऊ शकते की पाइपमध्ये हवा ओढली जाते, म्हणून दोन सुरुवातींमध्ये अंतर ठेवण्याचा नियम असतो.

पेल्टन लवकर थकतं ते बकेटच्या मुळाशी. समजा मिनिटाला ३७५ फेरे आणि चार नोझल. प्रत्येक बकेटवर सेकंदाला पंचवीस घाव, तासाला नव्वद हजार. मुळाशी केसाएवढी भेग पडली तर ती वाढतच जाते, आणि सुटलेलं बकेट तोफगोळ्यासारखं घर फोडतं. म्हणून वार्षिक बंदच्या वेळी प्रत्येक मुळाशी लाल रंगाचं डाय पेनेट्रंट लावतात, पुसतात, पांढरा डेव्हलपर मारतात. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात क्वार्ट्झ कमी असल्यानं हिमालयातल्यासारखा बकेटांचा भुगा होत नाही, पण पहिल्या पावसाचा गाळ सुईच्या टोकावर ओरखडे काढतोच. ओरखडलेल्या सुईचा फवारा फाटतो, आणि फाटका फवारा बकेटच्या पाठीवर बसतो.

मुक्काम दोडामार्गला केला. रात्री उकाडा फार.

चौथा दिवस: करूळ घाट आणि गगनबावड्याचा ओढा

मुंबई-गोवा महामार्गानं तळेऱ्यापर्यंत, तिथून वैभववाडी आणि करूळ घाट. मोठी घरं बघून झाली होती. आजचं काम लहान होतं: गगनबावड्याजवळच्या एका धनगरवाड्यालगतच्या ओढ्यावर चौदा घरांपुरती वीज निघेल का, हे मोजायचं. वाड्यात लाईट आली आहे, पण पावसाळ्यात झाड पडलं की आठ-आठ दिवस जाते.

आधी पाणी. ओढ्यात चिखलाचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून काढलं. वीस लिटरची बादली दोन सेकंदांत भरत होती. घड्याळ दाबण्यात अर्धा सेकंद चुकला तर पंचवीस टक्क्यांची चूक, म्हणून २०० लिटरचं पिंप लावलं. तीन वेळा मोजलं: १९, २१, २०. म्हणजे सेकंदाला १० लिटर. गुरांना आणि खालच्या वाफ्यांना दोन लिटर सोडायचे, आठ आपले.

मग उंची. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोघांनी दोन टोकं धरून पायरीपायरीनं उतरत ३८ मीटर आले. नळीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो, म्हणून पाइप पाण्यानं भरून खाली प्रेशर गेजही लावला: ३.८ किलो. जुळलं.

पाइप लागेल १६० मीटर, आणि पैसे वाचवायचे म्हणून लोक चूक करतात ती इथं. ११० मिमीच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात आठ लिटरला घर्षणात दोन मीटर हेड जातं, उरतात छत्तीस. ७५ मिमीचा घेतला तर तेरा मीटर जातात, म्हणजे एक तृतीयांश वीज पाइपच्या भिंती तापवण्यात गेली. छत्तीस मीटरवर पाण्याची ताकद २.८ किलोवॉट, आणि एवढ्या लहान यंत्राची निम्मी कार्यक्षमता धरून हातात १.४ किलोवॉट. चौदा घरांचे दिवे, मोबाइल, एखादा टीव्ही आरामात. पिठाची गिरणी यावर चालणार नाही, हे तिथंच सांगून टाकलं. आशा लावून नंतर मोडली की लोक उरलेल्या यंत्राकडेही लक्ष देत नाहीत.

यंत्र म्हणून बाजारातला साधा सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरवता येतो, आणि त्याचीच तीन फेजची मोटर जनरेटर म्हणून चालते. सिंगल फेज हवी असेल तर एका फेजवर कपॅसिटर आणि दुसऱ्यावर त्याच्या दुप्पट. फेज उलटे जोडले की मोटर घुमते आणि तापते. चार पोलची मोटर असेल तर वेग १५०० च्या थोडा वर लागतो, फार खाली राहिला तर व्होल्टेज उभंच राहत नाही. रात्री सगळे झोपले, दिवे विझले, की व्होल्टेज चढून उरलेले बल्ब उडतात. त्यासाठी लोड कंट्रोलर बसवायचा, तो उरलेली वीज पाण्यातल्या हीटरला देतो. हीटरच्या टाकीत पाणी कायम हवं, कोरडा हीटर दहा मिनिटांत जळतो आणि मग कंट्रोलर असून नसल्यासारखा. माथ्यावर वळवाच्या विजा फार, आणि जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. एका खड्ड्यावर न थांबता दोन-तीन खड्डे, कोळसा-मीठ घालून एकमेकांना जोडायचे आणि मार्चमध्ये पाणी घालायचं.

वर ओढ्याशी गाळ बसायला टाकी, तिच्या तोंडाला जाळी, पाइपच्या सुरुवातीलाच हवेची नळी. ही नळी नसेल आणि जाळी पानांनी बुजली, तर आतल्या ओढीनं पाइप चेपतो. प्रत्येक वळणावर काँक्रीटचा ठोकळा. खालची झडप गेट व्हॉल्व्हच हवी, अनेक फेऱ्यांनी मिटणारी. पाव फेऱ्यात मिटणारा बॉल व्हॉल्व्ह लावला आणि कोणी पोरानं झटक्यात ओढला तर या पाइपात तीसेक मीटरचा दाब आणखी चढतो. लोखंडी पाइप असता तर शंभराच्या वर.

‘आजोबा, एप्रिलात किती राहतं पाणी?’

‘पाक बंद हुईत न्हाई. पर मनगटाएवढी धार येती म्हन.’

मनगटाएवढी म्हणजे किती, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या वाट्याला चार लिटर राहिलं तर सातशे वॉट, आणि मग टीव्ही वगळून फक्त दिवे. दोन राहिलं तर यंत्र जून ते फेब्रुवारीच चालवायचं, आणि त्यासाठी पंप वेगळा निवडायचा. म्हणून पाइपची ऑर्डर आत्ता द्यायची नाही असं ठरलं. पिंप आणि पाइपचा तुकडा वाड्यातच ठेवला. अक्षय तृतीयेच्या आसपास, सकाळी गुरं पाण्यावर यायच्या आत, वाड्यातली दोन मुलं तीन वेळा पिंप भरून सेकंद लिहून ठेवणार आहेत.